डॉक्टरांच्या अंगावरचा गणवेश

युद्धावरून परतलेल्या सैनिकावर मानसोपचार करणाऱ्याला सैन्याची संस्कृती ठाऊक असावी, असे आज आवर्जून सांगितले जाते. सैनिकांची बोली, हुद्द्यांची उतरंड, मदत मागण्यात वाटणारी नामुष्की हे सारे त्यात येते. परंतु उपचार करणारा स्वतः कोणत्या संस्कृतीचा, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. पहिल्या महायुद्धात तो डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्यासमोर उभा राहिला.

पॅट बार्कर यांच्या 'रीजनरेशन' (१९९१) या कादंबरीमुळे साहित्याच्या अभ्यासकांना रिव्हर्स परिचित आहेत. ते डॉक्टर होते, तसेच मानववंशशास्त्रज्ञही. १९०१-०२ मध्ये निलगिरीतील तोडा लोकांची नातीगोती आणि विधी त्यांनी बारकाईने नोंदवले; त्यावरचा ग्रंथ १९०६ साली आला. परक्या समाजाचे वर्तन त्याच्याच संदर्भात समजून घेण्याची ही दृष्टी पुढे एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट या अधिकाऱ्यांच्या रुग्णालयात त्यांच्या कामी आली.

ब्रिटिश अधिकाऱ्याला शाळेपासूनच भीती गिळून टाकण्याचे शिक्षण मिळालेले असे. 'ते विसरून जा' हा वडीलधाऱ्यांचा आणि डॉक्टरांचाही सल्ला. या सल्ल्यानेच दुखणे वाढते, असे रिव्हर्स यांनी १९१८ साली 'लॅन्सेट'मधील निबंधात मांडले. त्यातील एका अधिकाऱ्याला मित्राच्या छिन्नविच्छिन्न देहाची स्वप्ने पडत. देहाची ती अवस्थाच मृत्यू तत्क्षणी, वेदनेविना आल्याची खूण आहे, हे रिव्हर्स यांनी त्याच्या ध्यानात आणून दिले. पुढे स्वप्न पुन्हा पडले, पण त्यातली दहशत गेली होती. जाग आली तेव्हा तो मित्रासाठी रडत होता. भयाच्या जागी शोक आला होता.

तथापि ही समज सर्वांना सारखी लाभली नाही. साध्या शिपायांना मूकपणा वा पक्षाघातासारखी शारीरिक लक्षणे जडतात आणि अधिकाऱ्यांना चिंता ग्रासते, हा भेद रिव्हर्स यांनी शिक्षणातील फरकाने स्पष्ट केला. त्या स्पष्टीकरणात त्यांच्या वर्गाचा पूर्वग्रह आज सहज दिसतो. त्याच काळात लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात लुईस यीलंड मुक्या शिपायांना विजेचे झटके देत होते.

जुलै १९१७ मध्ये कवी सिगफ्रीड ससून क्रेगलॉकहार्टला आले. हे युद्ध विनाकारण लांबवले जात आहे, असे जाहीर निवेदन करून त्यांनी पुढे लढण्यास नकार दिला होता. त्यांना पुन्हा कर्तव्यावर पाठवण्याजोगे करणे हे रिव्हर्स यांचे काम. मृत्यूनंतर १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॉन्फ्लिक्ट अँड ड्रीम' या ग्रंथात रिव्हर्स यांनी स्वतःच्याच एका स्वप्नाचे विश्लेषण केले आहे. अंगावर लष्करी गणवेश असेतोवर या रुग्णाशी युद्धाविषयी आपण मोकळेपणाने बोलू शकत नाही, ही बोचणी त्यांना त्यात सापडली. रुग्णाचे म्हणणे आपल्यालाच पटले तर काय, ही शंकाही त्यामागे होती.

ससून आघाडीवर परतले, जुलै १९१८ मध्ये डोक्याला गोळी लागूनही वाचले, आणि रिव्हर्स यांच्याविषयीचा आदर त्यांनी अखेरपर्यंत जपला. उपचार यशस्वी ठरला, असे म्हणता येईल. पण ज्या संस्थेने रुग्णाला खंदकात धाडले, तिचाच पगारी डॉक्टर त्याचे ऐकत होता. सैनिकाची संस्कृती शिकणाऱ्या आजच्या मानसोपचारतज्ज्ञानेही हा प्रसंग वाचावा. आपल्या अंगावर कोणाचा गणवेश आहे, हे त्याला रिव्हर्सप्रमाणे स्वतःलाच विचारावे लागेल.