‘गुण’ आणि ‘नापास’ : परीक्षेच्या ओझ्याचा एक शतकोत्तर वृत्तान्त

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर जिल्ह्यातील ज्या तरुणाला विद्यापीठाची पदवी संपादावयाची असे, त्याला प्रथम आपला जिल्हा सोडावा लागे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. तत्पूर्वी पुण्याची सुमारे सत्तर मैलांची वाट पायी किंवा बैलगाडीनेच काटावी लागे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांच्या पुढाकाराने अहमदनगर कॉलेज निघाले ते १९४७ साली. मधल्या नव्वद वर्षांत या जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या वाट्याला परगाव, परभाषा आणि परीक्षा ही तिन्ही ओझी एकदम आली. त्यांपैकी तिसऱ्या ओझ्याचा इतिहास येथे पाहावयाचा आहे.

विद्यार्थ्यावरील दडपण इंग्रजी अमलातच प्रथम जन्मास आले, असे मात्र नव्हे. पंतोजींच्या शाळेत छडी होती, घोकंपट्टी होती, पावकी-निमकीची उजळणी होती. परंतु त्या शाळेतील शिक्षा त्या दिवसापुरती असे. मुलगा हिशेब व मोडी लिहू-वाचू लागला की त्याचे शिक्षण पुरे होई. अमुक दिवशी, अमुक तासांत लिहिलेल्या उत्तरांवर साऱ्या आयुष्याची दिशा ठरावी, ही कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती.

ही कल्पना १८५९ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेबरोबर आली. त्या परीक्षेस सव्वाशेहून अधिक विद्यार्थी बसले. उत्तीर्ण झालेल्यांची संख्या विसाच्या आसपासच राहिली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांत होते, आणि १८६२ साली प्रथम बी.ए. झालेल्या चौघांतही ते होते. रानड्यांचे वाचन अफाट होते. त्या श्रमाने तरुणपणीच त्यांचे डोळे बिघडले व पुढे आयुष्यभर त्यांना दृष्टीचा त्रास राहिला.

म्हणूनच १८९० नंतरच्या वादास विशेष महत्त्व प्राप्त होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. वामन शिवराम आपटे १८९२ साली चौतीस वर्षांचे असताना, तर काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ साली त्रेचाळीस वर्षांचे असताना निवर्तले. प्रत्येकाच्या मृत्यूचे कारण वेगळे होते, आणि ते परीक्षेच्या खाती मांडणे इतिहासाच्या दृष्टीने अयोग्य ठरेल. तथापि पदवीधर अल्पायुषी का होतात, हा प्रश्न त्या काळी सुशिक्षितांच्या मनात घोळू लागला होता. भांडारकर हे १८९३ ते १८९५ या काळात विद्यापीठाचे कुलगुरू होते. याच सुमारास रानड्यांनी पदवीधरांतील वाढत्या मृत्युप्रमाणाची कारणे शोधणारा निबंध लिहिला. त्यांचा रोख परीक्षांच्या ताणावर होता. सर्व विषयांत एकाच वेळी उत्तीर्ण झालेच पाहिजे, ही अट त्यांना जाचक वाटे. हा आक्षेप अनुत्तीर्ण झालेल्या कोणा विद्यार्थ्याचा नव्हता. त्या परीक्षेने ज्यांना प्रथम गौरविले, त्यांच्यापैकीच एकाचा तो होता. परक्या भाषेचे ओझेही रानड्यांनी ओळखले होते; विद्यापीठात मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणून ते १९०१ साली निधन पावेपर्यंत झटत राहिले.

या स्थित्यंतराची खूण मराठी भाषेतही उमटलेली आहे. ‘परीक्षा’ हा शब्द जुना. पण रत्नपरीक्षा, अश्वपरीक्षा या समासांत पारख होते ती वस्तूची किंवा प्राण्याची. ‘गुण’ म्हणजे माणसाच्या ठायी असलेला धर्म. विद्यापीठीय व्यवहारात तो मोजता येणारा आकडा झाला. ‘नापास’ हा शब्द तर फारसी उपसर्ग व इंग्रजी शब्द यांच्या संकरातून सिद्ध झाला, आणि लवकरच तो उत्तरपत्रिकेवरून उत्तर लिहिणाऱ्यावर सरकला. ‘त्याचा गणिताचा पेपर बिघडला’ या वाक्यात दोष पेपरपुरता राहतो. ‘तो नापास आहे’ या वाक्यात तो माणसाचे विशेषण होऊन बसतो.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. यर्क्स व डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग करून दाखविले की कठीण काम शिकताना उत्तेजना एका मर्यादेपलीकडे गेली की शिकणे मंदावते. १९५२ साली मँडलर व सॅरसन यांनी परीक्षेच्या चिंतेचा स्वतंत्र अभ्यास मांडला. पुढील संशोधनाचा निष्कर्ष असा की, अपयशाची धास्ती ही विचारासाठी लागणारी स्मृतीच व्यापून टाकते. ज्ञान मोजण्यासाठी योजिलेले साधन अशा वेळी ज्ञानालाच बाधा आणते.

विद्यापीठीय व्यवस्था पुढे पुष्कळ बदलली. १९४९ साली मॅट्रिकची जागा एस.एस.सी. परीक्षेने घेतली, पुणे विद्यापीठ त्याच वर्षी सुरू झाले. राहिलेले विषय मागाहून देण्याची सवलत ‘ए.टी.के.टी.’ या नावाने आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी आहे. रानड्यांच्या आक्षेपाला मिळालेले ते उशिराचे उत्तर म्हणावयास हरकत नाही. १९६१ साली संगमनेरला महाविद्यालय निघाले, १९६८ साली राहुरीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि जिल्हा सोडण्याची सक्ती पुष्कळशी उणावली. परंतु वैद्यकाच्या किंवा स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मुले पुन्हा पुण्याची वाट धरतात, आणि एका दिवसाच्या परीक्षेवर सारे अवलंबून असण्याची ती जुनी स्थिती त्यांच्यापुढे नव्याने उभी राहते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते. ही संख्या कोणत्याही राज्यापेक्षा अधिक होती. त्या सर्वांमागे परीक्षाच होती असे नव्हे. घरची ओढग्रस्त, एकटेपणा, आजार ही कारणेही असतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. तो आवश्यकच आहे. तथापि समुपदेशक विद्यार्थ्याला ओझे सोसण्यास साहाय्य करील. ओझ्याची मांडणी बदलणे त्याच्या हाती नाही. ते अभ्यासमंडळांच्या, परीक्षकांच्या व अध्यापकांच्या हाती आहे. रानड्यांनी आपला प्रश्न विद्यापीठापुढे ठेवला होता, आणि आजही त्याचे उत्तर तेथूनच यावयाचे आहे.