मेमरी संपते तेव्हा : डेटाबेस सर्व्हरच्या एका जुन्या दुखण्याचा इतिहास

प्रस्तावना

डेटाबेस सर्व्हर ऐन कामाच्या वेळी बंद पडतो. लॉगमध्ये एवढेच आढळते की एक प्रोसेस ९ क्रमांकाच्या सिग्नलने मारली गेली. ती कोणी मारली, हे डेटाबेसला ठाऊक नसते. अशा वेळी आणखी रॅम बसवण्याचा सल्ला सर्वांत आधी मिळतो. तो काही वेळा बरोबरही असतो. परंतु मेमरी का संपली हे कळले नाही, तर नवी रॅमही अपुरी पडू शकते. या पाठात आपण या दुखण्याचा इतिहास पाहणार आहोत, कारण निदानाची दिशा त्यातूनच मिळते.

१. नसलेली मेमरी आहे असे भासवणे

१९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात ॲटलस हा संगणक कार्यान्वित झाला. त्याची मुख्य मेमरी लहान आणि महाग होती. तिच्या जोडीला तिच्याहून मोठा, पण मंद असा फिरता चुंबकीय ड्रम होता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी दिसे. लागेल ते पान ड्रमवरून मुख्य मेमरीत आणण्याचे काम यंत्र स्वतःच करी. आभासी मेमरीची सुरुवात ही अशी झाली.

या सोयीची किंमत लवकरच कळली. अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी चालवले की ते एकमेकांची पाने बाहेर ढकलत आणि यंत्राचा बहुतेक वेळ पाने हलवण्यातच जाई. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. १९६८ साली पीटर डेनिंग यांनी त्याचे कारण मांडले. प्रत्येक प्रोग्रॅमला नजीकच्या काळात सतत लागणाऱ्या पानांचा एक संच असतो, त्याला वर्किंग सेट म्हणतात. या सर्व संचांची बेरीज मेमरीत मावत नसेल, तर एकाच वेळी चालणाऱ्या कामांची संख्या कमी करावी. हा नियम लक्षात ठेवा. शेवटी तोच उपयोगी पडणार आहे.

२. एका मेमरीचे दोन कारभारी

पुढे डेटाबेस आले आणि नवा पेच निर्माण झाला. इंग्रेस हा डेटाबेस घडवणारे मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८१ सालच्या लेखात तो नेमका दाखवला. सर्वांत जास्त काळ न वापरलेले पान आधी काढायचे, हे संचालन प्रणालीचे सर्वसाधारण धोरण. पण डेटाबेस एखादे मोठे टेबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचत असेल, तर नुकतेच वाचलेले पान बहुधा पुन्हा लागतच नाही. ही माहिती डेटाबेसकडे असते, संचालन प्रणालीकडे नसते.

म्हणून डेटाबेस स्वतःचा बफर राखतात. स्वतंत्र सर्व्हरवर पोस्टग्रेसक्यूएलच्या शेअर्ड बफर्ससाठी रॅमच्या सुमारे २५ टक्क्यांपासून सुरुवात करण्याचा सल्ला दिला जातो, कारण तो संचालन प्रणालीच्या कॅशेवरही विसंबतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी बफर पूलला मात्र ८० टक्क्यांपर्यंत रॅम दिली जाते. एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका.

३. उधारीचा व्यवहार

लिनक्समध्ये प्रोसेसने मेमरी मागितली की कर्नल सहसा होकार देतो. प्रत्यक्ष पान मात्र त्यात प्रथम लिहिले जाते तेव्हाच देतो. बऱ्याच प्रोसेस मागितलेली सगळी मेमरी कधीच वापरत नाहीत, म्हणून हा व्यवहार निभावतो. पण सर्वांनी एकदम वसुली मागितली, तर आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मग आउट ऑफ मेमरी किलर एखादी प्रोसेस मारून जागा मोकळी करतो.

ही निवड मुख्यतः कोणी किती मेमरी धरली आहे यावरून होते, आणि डेटाबेस सर्व्हरवर सर्वांत मोठा ऐवज बहुधा डेटाबेसकडेच असतो. त्याच यंत्रावरच्या एखाद्या अहवाल-प्रोग्रॅमने मेमरी खाल्ली, तरी फाशी डेटाबेसला होऊ शकते. चोर सोडून संन्याशाला, असा हा प्रकार! पोस्टग्रेसक्यूएलची एक प्रोसेस अशी मारली गेली की सामायिक मेमरी बिघडल्याची शक्यता धरून बाकीची सर्व सत्रेही तोडली जातात.

४. निदान

अ) प्रथम कर्नलचा लॉग पाहा. कोण मेले, तसेच त्या क्षणी कोणाकडे किती मेमरी होती, हे तेथे नोंदलेले असते.

आ) ‘फ्री’ या आज्ञेतील मोकळ्या मेमरीचा आकडा लहान दिसला म्हणून घाबरू नका. रिकामी रॅम लिनक्स कॅशेसाठी वापरतो. ‘अव्हेलेबल’ हा रकाना वाचा.

इ) दिलेल्या वचनांची बेरीज करा. समजा, १६ जीबी रॅम आहे आणि शेअर्ड बफर्स ४ जीबी आहेत. वर्क मेम ६४ एमबी असून २०० जोडण्या आहेत. वर्क मेमची मर्यादा क्वेरीतील प्रत्येक सॉर्टला वेगळी लागू होते. प्रत्येक जोडणीवर दोन सॉर्ट एकदम चालले, तर २०० × २ × ६४ = २५,६०० एमबी, म्हणजे २५ जीबी. एरवी हे घडत नाही. महिनाअखेरीस घडू शकते.

ई) उपाय याच क्रमाने करा : कनेक्शन पूलर लावून जोडण्या कमी करा; वर्क मेम सरसकट लहान ठेवून मोठ्या अहवालाच्या सत्रापुरतीच वाढवा; कर्नलची ओव्हरकमिट पद्धत २ वर ठेवून उधारीला मर्यादा घाला. मग मेमरी नाकारली गेल्यास बहुधा ती एक क्वेरी अयशस्वी होते, सर्व्हर चालू राहतो. रॅम वाढवण्याचा विचार त्यानंतर करा.

सारांश

जोडण्या कमी करणे म्हणजे डेनिंग यांचा १९६८ सालचा नियमच पाळणे होय. मेमरी संपल्यावर ‘कोण मेले?’ एवढ्यावर थांबू नका. ‘कोणी किती वचने दिली होती?’ हेही विचारा.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात जोडण्या ४० केल्यास शेअर्ड बफर्ससह एकूण मागणी किती होईल?
२. टेबल क्रमाने वाचताना संचालन प्रणालीचे सर्वसाधारण धोरण का चुकते, ते स्पष्ट करा.