नवी रचना मागणारा कोण? मुंबईतील कॉन्चेर्टोचा इतिहास

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड हे गाव डोंगरावरील किल्ल्यामुळे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे ओळखले जात असले, तरी पूर्व विदर्भातील ज्या झाडीपट्टीत ते वसले आहे तेथील नाटकाचा व्यवहार संगीताच्या अभ्यासकानेही लक्षात घ्यावा असा आहे. धानाची कापणी आटोपून हाती पैसा आला, की मंडई, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा, किंवा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, यांच्या निमित्ताने गावचे मंडळ झाडीपट्टीतीलच वडसा या गावच्या नाटक कंपनीशी बोलणी करते. प्रेक्षकांना दर हंगामात नवे नाटक हवे असल्यामुळे लेखकांनाही दरवर्षी नवे लिहावे लागते. मागणारा, लिहिणारा आणि सादर करणारा यांची गाठ येथे सहज पडते. पाश्चात्त्य अभिजात संगीतात ती पडणे किती अवघड असते, हे मुंबईच्या इतिहासावरून दिसते.

कॉन्चेर्टो म्हणजे एक प्रमुख वादक आणि संपूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली, बहुधा तीन भागांची रचना. व्हायोलिन आणि पियानो यांच्या वाट्याला अशा रचना विपुल आल्या. गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवायच्या, खर्जाकडे झुकणाऱ्या चेलोच्या वाट्याला मात्र कमी, आणि म्हणून नवे संगीत मागत राहणे हा चेलोवादकाच्या पेशाचाच भाग झाला. प्रोकोफिएव्ह, शोस्ताकोविच आणि बेंजामिन ब्रिटन या संगीतकारांनी ज्याच्यासाठी लिहिले, त्या म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच या वादकाच्या आग्रहातून विसाव्या शतकातील चेलोसंगीताचा मोठा भाग उभा राहिला. तरीही केवळ आग्रह पुरत नाही, कारण रचनाकाराचे मानधन, वाद्यवृंदाच्या तालमी आणि सभागृह यांचा भार कोणीतरी उचलावा लागतो. 1970 साली रोस्त्रोपोविच यांनी लंडनमध्ये प्रथम वाजवलेला लुतोस्वावस्की यांचा कॉन्चेर्टो तेथील रॉयल फिलहार्मोनिक सोसायटीने मागवलेला होता.

मुंबईत वादकांची वाण कधीच नव्हती. मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला तेव्हा शहरात पारशी हौशी वादक होते, युरोपातून आलेले वॉल्टर कॉफमन यांच्यासारखे ज्यू संगीतकार होते, आणि गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन वाचायला शिकलेले वादकही होते. या गोमंतकीय वादकांना पोटापाण्याचा आधार दिला तो चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाने, आणि तेथे त्यांचे कसब दुसऱ्यांच्या चालींच्या कामी आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांना हे पुरेसे वाटले नाही. 1958 मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारून रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदरचना मंचावर आणल्या. सारंग रागातील कॉन्चेर्टो ही त्यांचीच रचना. पण येथे रचनाकार आणि संयोजक एकच होते, त्यांच्याकडे कोणी काही मागितले नव्हते, आणि 1965 च्या सुमारास ते अमेरिकेला गेल्यावर तो प्रयत्न पुढे नेणारे कोणी उरले नाही. बहुसंख्य लोकांना त्यांचे नाव ठाऊक झाले ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी संगीत दिलेल्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यामुळे, ही गोष्ट त्या काळच्या अभिरुचीबद्दल पुरेसे सांगते.

भारतीय रागसंगीताचा कॉन्चेर्टो मागितला गेला तो परदेशात. रविशंकर यांचा पहिला सतार कॉन्चेर्टो (1971) लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी, तर दुसरा (1981) न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसाठी होता. दुसऱ्याचे संचालन मेहली मेहता यांचे पुत्र झुबिन यांनी केले. संचालक मुंबईचा, मागणी मात्र न्यूयॉर्कची.

हे चित्र बदलायला मुंबईत कायमचा वाद्यवृंद असावा लागला. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या, म्हणजे एनसीपीएच्या छत्राखाली 2006 मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला आणि त्याने झाकिर हुसेन यांच्याकडून तबल्याचा कॉन्चेर्टो लिहवून घेतला. 2015 मध्ये प्रथम सादर झालेल्या या रचनेचे नाव ‘पेशकार’, म्हणजे एकल तबलावादनाच्या आरंभीचा विस्तारक्षम प्रकार. वाद्यवृंदातील प्रत्येकाला आपला स्वर कागदावर हवा असतो, तबलजी मात्र बोल ऐन वेळी फुलवतो. या दोन सवयींना एका मात्रेवर आणणे हेच अशा रचनेतील खरे काम होय.

चेलोच्या वाट्याला यातून थोडेच आले. लंडन आणि पॅरिस येथे शिकलेले मुंबईचे संगीतकार वनराज भाटिया जाहिराती आणि श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांच्या संगीतासाठी नावाजले गेले. त्यांच्या अभिजात रचना तुलनेने क्वचितच वाजल्या. जानेवारी 2019 मध्ये यो-यो मा यांनी मुंबईत त्यांची ‘रेव्हरी’ ही रचना चेलोवर वाजवली, तेव्हा भाटिया नव्वदीच्या पुढे होते. 2021 मध्ये त्यांचे निधन झाले. चेलो आणि पूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठी त्यांच्याकडून मोठी रचना मागण्याची संधी शहराला अनेक दशके होती. ‘पेशकार’ने मात्र पहिल्या प्रयोगानंतरचा, म्हणजे पुन्हा वाजवले जाण्याचा, टप्पाही गाठला: 2019 मध्येच सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ब्रिटनच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा झाकिर हुसेन यांच्यासह ही रचना त्याच्या कार्यक्रमात होती.