एका कबरीचे सहा वारस

१६९७ सालच्या वसंत ऋतूत हेन्री मॉंड्रेल नावाचा एक इंग्रज पाद्री सीरियातील अलेप्पो शहराहून जेरुसलेमच्या यात्रेस निघाला. अलेप्पोला लेव्हँट कंपनीच्या इंग्रज व्यापाऱ्यांची वसाहत होती व तेथे तो धर्मोपदेशकाचे काम करीत असे. ईस्टरचा सण येशू ख्रिस्ताच्या कबरीपाशी साजरा करावा, या हेतूने आपल्या काही देशबांधवांसह त्याने हा प्रवास केला. त्याचे प्रवासवृत्त १७०३ साली ऑक्सफर्डला छापले गेले. परंतु ते पाहावयास तो उरला नव्हता. १७०१ सालीच अलेप्पोत त्याचा अंत झाला होता.

ज्या मंदिरात तो गेला ते कॉन्स्टंटाइन बादशहाने बांधविले व ३३५ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. ६१४ साली इराणी सैन्याने ते जाळले, १००९ साली खलिफा हाकिमने पाडले, पुढे क्रूसेडवाल्या योद्ध्यांनी ते पुन्हा मोठे केले. मॉंड्रेलच्या काळी जेरुसलेम तुर्की सुलतानाच्या अमलाखाली होते. दारावर तुर्कांचा पहारा असे आणि युरोपीय यात्रेकरूला आत जाण्यासाठी माणशी चौदा डॉलर, म्हणजे त्या वेळची चांदीची नाणी, मोजावी लागत. पाद्र्याला निम्मी सूट होती! गुड फ्रायडेच्या संध्याकाळी दारे बंद झाली, ती ईस्टरच्या दिवशीच उघडली. हा बंदिवास आपणास सुखाचाच वाटला, असे तो सांगतो.

पण आत जे दिसले ते सगळेच सुखाचे नव्हते. कबरीवर जी छोटी घुमटी आहे, तीत आधी पूजा कोणी करावयाची यावरून लॅटिन, म्हणजे रोमन कॅथलिक, आणि ग्रीक या दोन पंथांत हाडवैर होते. प्रकरण हमरीतुमरीवरून हाणामारीवर जाई व कबरीच्या दारातच रक्त सांडे. लॅटिन मठाच्या प्रमुखाने आपल्या दंडावरचा एक मोठा व्रण मॉंड्रेलला दाखविला. एका धट्ट्याकट्ट्या ग्रीक पुरोहिताशी झालेल्या झटापटीची ती खूण होती. ज्याने शत्रूवरही प्रेम करावयास सांगितले, त्याच्याच कबरीसाठी त्याच्या भक्तांनी एकमेकांना जखमी करावे, याचा मॉंड्रेलला मनस्वी विषाद वाटला. आठवड्याने ग्रीकांचा ईस्टर आला. त्या वेळचा पवित्र अग्नीचा सोहळा व त्यातला गोंधळ पाहून तर त्याने उपहासच केला.

हा विषाद खरा होता, यात शंका नाही. परंतु येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. मॉंड्रेल प्रॉटेस्टंट होता. त्या मंदिरात त्याच्या पंथाची एक पणतीही टांगलेली नव्हती. ज्याचे काही जाणार नाही, त्याला दुसऱ्याचे भांडण क्षुद्र वाटणे सोपे असते. त्याच्या स्वतःच्या इंग्लंडात १६७३ च्या कायद्याने कॅथलिकांना अधिकारपदांची दारे बंद झाली होती. तेथले वैर दंडावरच्या व्रणात दिसत नव्हते, कायद्याच्या पुस्तकात होते, इतकेच.

शिवाय, त्याच्याच वृत्तांतात भांडणाचे दुसरे कारण नोंदलेले आहे. पूर्वी या मंदिरात अनेक पंथांची ठाणी होती. पण तुर्क मालकांची जबर भाडी आणि पिळवणूक सोसवेना म्हणून चार सोडून बाकीचे निघून गेले. फ्रान्सच्या राजाने रदबदली केली, तेव्हा १६९० साली कबर लॅटिनांच्या हाती आली. थोडक्यात, हक्क दरबारात ठरत होता, आणि दरबारात वजन व पैसा चालत होता. आज मिळालेले उद्या जाईल ही धास्ती ज्याच्या मानेवर सदैव बसलेली आहे, त्याचा हात उगारलेला राहावा यात नवल कसले? १७५७ साली तसेच झाले. सुलतानाच्या नव्या फर्मानाने पारडे ग्रीकांकडे झुकले.

अखेर १८५२ साली सुलतान अब्दुल मजीद याने फर्मान काढले की, ज्याच्याकडे जे आहे ते तसेच राहावे. हीच ती प्रसिद्ध ‘जैसे थे’ व्यवस्था. पुढच्याच वर्षी पेटलेल्या क्रिमियन युद्धाच्या कारणांत या पवित्र स्थानांचा तंटाही होता. तरीही ती व्यवस्था टिकली, व १८७८ च्या बर्लिनच्या तहाने तिला युरोपची मान्यता मिळाली. ग्रीक, लॅटिन, आर्मेनियन, कॉप्ट, सीरियन आणि इथिओपियन असे सहा पंथ आजही तेथे नांदतात. दाराची किल्ली मात्र जूदेह या मुसलमान घराण्याकडे असते आणि कुलूप उघडण्याचा मान नुसेबेह या दुसऱ्या मुसलमान घराण्याचा आहे.

या व्यवस्थेचे नियम लायोनेल कस्ट या इंग्रज अधिकाऱ्याने १९२९ साली टिपून ठेवले. त्यांतला मुख्य नियम मोठा विलक्षण आहे: जो छप्पर वा फरशी दुरुस्त करील, त्याची त्यावर मालकी, जो खांबावर दिवा किंवा तसबीर टांगील, त्याचा तो खांब. मग परिणाम काय झाला? दुरुस्ती हाच दावा ठरल्यामुळे दुसऱ्याला कोणी दुरुस्ती करू देईना. दर्शनी भिंतीवरच्या खिडकीखालची एक लाकडी शिडी एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांत दिसते, ती आजही तेथेच आहे. १९२७ च्या भूकंपाने मंदिर खिळखिळे झाले. १८०८ च्या आगीनंतर ग्रीकांनी नव्याने बांधलेली घुमटी कोसळू नये म्हणून १९४७ साली इंग्रजांनी तिला लोखंडी तुळयांनी आवळले, आणि त्या तुळया पुढे सुमारे सत्तर वर्षे तशाच राहिल्या! शांतता होती; पण ती कुबड्यांवर उभी होती. तीही पूर्ण नव्हती. २००८ साली ग्रीक आणि आर्मेनियन साधू पुन्हा हातघाईवर आले व पोलिसांना मध्ये पडावे लागले.

मग २०१६ साली ग्रीक, लॅटिन व आर्मेनियन या तिन्ही पंथांनी एकत्र येऊन घुमटीच्या दुरुस्तीस संमती दिली. अथेन्सच्या तंत्रविद्यापीठातील तज्ज्ञांनी काम हाती घेतले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कबरीवरील संगमरवरी शिळा हलविण्यात आली, आणि मार्च २०१७ मध्ये तुळयांवाचून उभी असलेली घुमटी लोकांनी पाहिली. या तिघांत अकस्मात प्रेम उपजले, असे समजण्याचे कारण नाही. त्यांनी एवढेच केले की, दुरुस्ती आणि मालकी यांची जी गाठ बसली होती, ती या एका कामापुरती सोडविली. सर्वांनी मिळून केलेल्या दुरुस्तीने कोणा एकट्याचा हक्क वाढत नाही, हे तिघांनाही पटले.

वादग्रस्त पवित्र स्थानी गेलेला प्रवासी बहुधा एकच प्रश्न विचारतो: हे कोणाचे? मॉंड्रेलनेही लिहिले ते भांडणाऱ्यांविषयीच. आपण त्या व्रणाची गोष्ट वाचतो तेव्हा दुसराही प्रश्न विचारावा: ज्यांचे एकमेकांशी पटत नाही, त्यांनी हे छप्पर डोक्यावर कसे टिकवून धरले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या मंदिरात सोळाशे वर्षांत मिळालेले नाही. दुसऱ्याचे मात्र, उशिरा का होईना, थोडेसे मिळाले आहे.