कालव्याचे पाणी आणि बाप्तिस्म्याचे पाणी

धर्म आणि पाणी यांचा विचार करताना आपले लक्ष बहुधा विधींकडे जाते. नमाजापूर्वीचा वुजू किंवा ख्रिस्ती बाप्तिस्मा यांनी पाण्याला पावित्र्य दिले, यात शंका नाही. परंतु पाण्याचे जतन केवळ पावित्र्याने होत नाही. त्यासाठी वाटपाचा न्याय लागतो, असे आम्हांस वाटते. स्पेनमधील वालेन्सिया शहराचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्वांचा वाटा आहे, अशा आशयाचे पैगंबरांचे वचन हदीसमध्ये येते. मुस्लिम राजवटीत वालेन्सियाच्या तुरिया नदीवर कालव्यांचे जाळे विस्तारले. कालव्यासाठी असलेला स्पॅनिश भाषेतील ‘असेकिया’ हा शब्दही मूळचा अरबीच. येथे पाण्याचा हक्क जमिनीशी बांधलेला असे. शेत विकले की पाणी त्याच्याबरोबर जाई. नुसते पाणी विकता येत नसे.

१२३८ मध्ये ख्रिस्ती राजा पहिला जाउमे याने शहर जिंकले. पुढे मोठ्या मशिदीच्या जागी कॅथेड्रल उभे राहिले. पाण्याची रीत मात्र राजाने मोडली नाही. १२३९ च्या सनदेने कालवे नव्या रहिवाशांना देताना पूर्वीचीच वहिवाट कायम ठेवली गेली.

त्याच कॅथेड्रलच्या दारापाशी आजही दर गुरुवारी दुपारी जलन्यायालय भरते. शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी तेथे न्यायाधीश असतात. सुनावणी तोंडी होते आणि निकाल तेथल्या तेथे लागतो. तक्रार एका तीरावरची असेल, तर निकाल दुसऱ्या तीरावरचे प्रतिनिधी सुचवतात. २००९ मध्ये युनेस्कोने या न्यायालयाचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला.

दोन धर्मांच्या सलोख्याचे उदाहरण म्हणून ही कथा येथेच संपवणे सोयीचे ठरेल; पण इतिहास तसा नाही. वालेन्सियातील मुसलमानांना १५२० च्या दशकात सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. त्यांच्या वंशजांना ‘मोरिस्को’ म्हणत. १६०९ मध्ये त्यांच्या हद्दपारीचा हुकूम निघाला आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथील मळे भिजवणारी माणसे जहाजांत बसवून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर धाडण्यात आली.

बाप्तिस्म्याचे पाणी त्यांना वाचवू शकले नाही. त्यांच्या पूर्वजांच्या कालव्यांतून मात्र पाणी वाहत राहिले. जलव्यवस्थेचा वारसा गौरवाने सांगताना ती उभारणाऱ्यांचे पुढे काय झाले, हेही सांगणे आम्ही अभ्यासकाचे कर्तव्य मानतो.