काळी स्क्रीन (लॅपटॉप)

काळी स्क्रीन : लॅपटॉपचे बटण दाबल्यावर दिवा लागतो, पंखा फिरतो, क्वचित यंत्र सुरू झाल्याचा आवाजही येतो, परंतु स्क्रीनवर काहीच उमटत नाही, अशी अवस्था. दुरुस्ती व्यवसायात या तक्रारीला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. ज्या यंत्राचा दिवासुद्धा लागत नाही ते ‘डेड’ समजले जाते आणि त्याची तपासणी वेगळ्या मार्गाने होते. काळी स्क्रीन हा स्वतंत्र बिघाड नसून अनेक बिघाडांचे सामाईक लक्षण आहे. वीजपुरवठा, रॅम, मदरबोर्ड, पॅनेल, त्याची केबल, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा कार्यप्रणाली यांपैकी कोठेही अडथळा आला, तरी वापरणाऱ्याला दिसते ते एकच. म्हणून बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी ठरवणे, निरुपद्रवी उपाय प्रथम योजणे आणि साठवलेली माहिती पुसणारा उपाय अगदी शेवटी ठेवणे, हे निदानाचे मुख्य सूत्र आहे.

सुरू होण्याचा क्रम : मदरबोर्डवर एम्बेडेड कंट्रोलर नावाचा छोटा नियंत्रक असतो. बटण दाबले गेल्याची नोंद तो घेतो आणि निरनिराळ्या भागांचा वीजपुरवठा ठरावीक क्रमाने चालू करवतो. त्यानंतर प्रोसेसर फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम साठवलेली प्रारंभिक आज्ञावली, चालवू लागतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून ही आज्ञावली बायोस या नावाने परिचित आहे. आजच्या लॅपटॉपांत तिची जागा यूईएफआय या मानकाने घेतली आहे. फर्मवेअर रॅम व इतर आवश्यक भाग तपासते. या स्वयंतपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात. ती पार पडली की निर्मात्याचे बोधचिन्ह दिसते आणि पुढे बूटलोडर, कार्यप्रणालीचा गाभा, ड्रायव्हर व लॉगिन असे टप्पे येतात. बोधचिन्हही न दिसता स्क्रीन काळी राहिली, तर दोष बहुधा यंत्रभागात किंवा फर्मवेअरमध्ये असतो. बोधचिन्ह दिसून नंतर अंधार झाला, तर संशय प्रथम ड्रायव्हर व कार्यप्रणालीवर घ्यावा लागतो.

प्राथमिक परीक्षा : यंत्र मुळात चालू आहे की नाही, हे कॅप्स लॉक कळीवरून पुष्कळदा कळते, कळ दाबताच तिचा दिवा लागत-विझत असेल, तर प्रोसेसर काम करत असून केवळ चित्र पोहोचत नाही, असे समजता येते. अशा वेळी अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर तिरका टॉर्च धरावा. एलसीडी पॅनेल स्वतः प्रकाश देत नाही, मागच्या बॅकलाइटचा प्रकाश अडवून किंवा सोडून ते चित्र घडवते. त्यामुळे टॉर्चच्या उजेडात चिन्हे अंधुक दिसली, तर पॅनेल चांगले असून बॅकलाइट किंवा त्याचा वीजपुरवठा बंद पडलेला असतो. ओएलईडी पॅनेलला बॅकलाइट नसल्याने ही परीक्षा त्याला लागू होत नाही.

दुसरी परीक्षा एचडीएमआय केबलने बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडण्याची होय. त्यावर चित्र आले, तर दोष लॅपटॉपच्या पॅनेलकडे किंवा केबलकडे वळतो. न आल्यास मात्र लगेच मदरबोर्डवर ठपका ठेवता येत नाही, कारण काही लॅपटॉपांत बाहेरचे चित्र ड्रायव्हर सुरू झाल्यानंतरच मिळते. विंडोज व पी या कळा एकत्र दाबून चित्र कोणत्या पडद्यावर पाठवायचे तेही बदलून पाहावे. झाकणातील चुंबक आणि खालच्या भागातील संवेदक यांच्या साहाय्याने लॅपटॉप झाकण मिटल्याचे ओळखतो. यामुळे एक लॅपटॉप दुसऱ्यावर ठेवला किंवा चुंबकी कव्हरचा फोन तळव्याच्या जागेवर ठेवला, तर झाकण उघडे असूनही स्क्रीन विझू शकते.

यंत्रभागातील कारणे : सर्वांत सोपा उपाय उरलेली वीज काढून टाकण्याचा आहे. अडॅप्टर व बाहेरची सर्व उपकरणे काढावीत, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढावी आणि बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरून मग केवळ अडॅप्टर लावून यंत्र चालू करावे. अडकून पडलेला एम्बेडेड कंट्रोलर यामुळे अनेकदा पूर्वपदावर येतो. अडॅप्टर मूळच्याइतक्या वॉटचा असावा, कारण ६५ वॉटची गरज असलेल्या यंत्राला कमी क्षमतेचा चार्जर पुरेलच असे नाही.

रॅमचा सैल किंवा गंजलेला संपर्क हे ‘नो डिस्प्ले’चे नेहमीचे कारण आहे. समुद्रकाठच्या दमट हवेत, उदाहरणार्थ कोकण व गोव्यात, त्याची शक्यता वाढते. खालचे झाकण उघडल्यावर प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी, मग रॅमच्या दोन्ही बाजूंच्या पकडी बाहेर ढकलाव्यात, म्हणजे पट्टी आपोआप तिरकी वर येते. तिची सोनेरी टोके मऊ खोडरबराने हलकेच पुसून, खाच जुळवून, पट्टी तिरकीच आत सरकवावी आणि पकडींचा आवाज येईपर्यंत खाली दाबावी. दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहिल्याने सदोष पट्टी किंवा सदोष स्लॉट सापडतो. रॅम बदलल्यावर नव्या रॅमशी जुळवून घेण्यास यंत्राला काही मिनिटेही लागू शकतात, तेव्हा त्या काळात ते बंद करू नये.

पुष्कळ निर्माते दिव्याच्या उघडझापीने किंवा बीपच्या ठेक्याने सदोष भागाचा संकेत देतात. त्याचा अर्थ त्या मॉडेलच्या पुस्तिकेतच पाहावा. डेलच्या अनेक लॅपटॉपांत डी कळ दाबून धरून यंत्र चालू केल्यास पॅनेल एकेक रंग भरून स्वतःची परीक्षा घेते. पॅनेलची केबल बिजागरीतून जात असल्याने झाकणाच्या विशिष्ट कोनात चित्र येत-जात असेल, तर ती झिजलेली असण्याचा संभव असतो. ॲपलने २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमधील बॅकलाइटच्या तक्रारींसाठी २०१९ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली होती. ग्राफिक्स चिपचे टाके तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी तडकणे हेही एक कारण आहे. लॅपटॉपमधील चिपांच्या अशा दोषांपायी एनव्हिडियाने २००८ मध्ये १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. असे काम विशेष साधनांशिवाय होत नाही.

फर्मवेअर व कार्यप्रणाली : बायोस अद्ययावत करताना वीज गेली, तर चिपमधील आज्ञावली अपुरी राहून स्क्रीन काळी पडते. एचपीच्या अनेक लॅपटॉपांत विंडोज व बी या कळा धरून यंत्र चालू केल्यास राखीव प्रतीवरून बायोस परत आणता येतो.

बोधचिन्हानंतरच्या अंधारात विंडोज १० व ११ मध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. केवळ माउसचा बाण दिसत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यातून एक्सप्लोरर पुन्हा चालवावा. हे न जमल्यास बोधचिन्ह दिसताच बटण दाबून धरून यंत्र बंद करावे. असे लागोपाठ दोन-तीनदा केल्यावर विंडोजचे दुरुस्ती-दालन उघडते आणि तेथून सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्या मूलभूत ड्रायव्हरांसह, शिरता येते. नुकताच बसवलेला ग्राफिक्स ड्रायव्हर तेथे काढून टाकावा. लिनक्समध्ये बूट होताना ‘नोमोडसेट’ हा पर्याय दिल्यास गाभा सुरुवातीलाच ग्राफिक्सचा मोड बदलत नाही, त्यामुळे साध्या चित्रात काम सुरू होऊ शकते.

माहितीचे रक्षण : पॅनेल, केबल किंवा रॅम बिघडल्याने एसएसडीतील माहिती सहसा जात नाही, अनेकदा ती जाते घाईने विंडोज पुन्हा बसवल्यामुळे. सुटी होणारी एसएसडी बाहेरच्या एन्क्लोजरमध्ये लावून दुसऱ्या संगणकावर वाचता येते, मात्र बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कसाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागते. मदरबोर्डला कायमची जोडलेली साठवण असलेल्या यंत्रात मदरबोर्ड सुधारणे हाच माहिती परत मिळवण्याचा मार्ग असू शकतो, त्यामुळे तेथे मदरबोर्ड बदलण्यास संमती देण्यापूर्वी प्रत आहे की नाही याची खात्री करणे आवश्यक ठरते. यंत्र दुरुस्तीस देताना बोधचिन्ह दिसले का, कॅप्स लॉकचा दिवा लागला का, टॉर्चखाली काय दिसले आणि बाहेरच्या मॉनिटरवर चित्र आले का, एवढ्या चार गोष्टी लिहून दिल्या आणि परवानगीशिवाय डिस्क फॉरमॅट करू नये अशी स्पष्ट सूचना केली, तर निदान लवकर होते आणि वर्षानुवर्षे जमवलेले काम सुखरूप राहण्याची शक्यता वाढते.