ट्यूबवरचे नाव : उपनगरांतील लेबलांचा एक इतिहास

मलम, दंतमंजनाची पेस्ट, चित्रकाराचा रंग, दाढीचे क्रीम असे दाटसर पदार्थ ज्या दाबता येणाऱ्या नळीत भरले जातात, तिला मराठी व्यवहारात सरसकट ट्यूब असे म्हणतात आणि त्या ट्यूबवर मालाचे नाव आणण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत नाव व चित्र ट्यूबच्या अंगावरच छापले जाते. दुसऱ्या रीतीत ते कागदावर किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पटलावर वेगळे छापून नंतर ट्यूबवर चिकटवले जाते. छापील ट्यूब बनवणारे आणि वापरणारे बहुधा मोठे कारखाने असल्यामुळे त्यांचा इतिहास कंपन्यांच्या वाढदिवशी निघणाऱ्या स्मरणिकांत सापडतो. लेबल लावलेल्या ट्यूबचा इतिहास मात्र अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, गोरेगाव येथील औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांत घडला आणि गाळेवाल्यांनी सहसा स्मरणिका काढल्या नाहीत.

उपनगरांचा लेबलाशी असलेला संबंध ट्यूबपेक्षा जुना आहे. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये सुरू केलेला शिळाछाप मुद्रणाचा कारखाना, म्हणजे दगडी पाट्यांवर चित्र उतरवून एकेका रंगाची छपाई करणारा छापखाना, 1899 च्या सुमारास लोणावळ्याजवळील मळवलीला जाईपर्यंत घाटकोपरला होता. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात गेला आणि देवादिकांच्या तसबिरींबरोबर व्यापारी लेबलेही तेथे छापली जाऊ लागली. त्या काळी चित्रमय लेबल हे मुख्यतः कापडाच्या तागांवर लावले जाई. मँचेस्टरहून येणाऱ्या मालावर हत्ती, वाघ, लक्ष्मी, कृष्ण अशी चित्रे असत आणि अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक चित्र पाहूनच माल मागत असे. चित्रावर विश्वास बसला की त्याची नक्कलही होणारच. म्हणून 1889 च्या व्यापारी चिन्हांविषयीच्या कायद्याने खोटी चिन्हे लावणे हा गुन्हा ठरवला. घोडा, उंट, हत्ती असे प्राणी पुढेही मुंबईच्या मालावर दीर्घकाळ वावरले, त्यामागे कंपनीमालकांच्या हौसेपेक्षा बाजाराची ही जुनी सवय अधिक आहे.

दाबता येणारी ट्यूब ही मुळात चित्रकारांच्या सोयीसाठी जन्मली. जॉन गॉफ रँड या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन चित्रकाराने 1841 मध्ये कथलाच्या ट्यूबचे पेटंट घेतले. तोवर तैलरंग जनावरांच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवले जात. दंतमंजनाची पेस्ट ट्यूबमध्ये आली ती त्या शतकाच्या अखेरीस. कथलाची आणि शिशाची जागा पुढे ॲल्युमिनियमने घेतली. ॲल्युमिनियमची नाण्यासारखी चकती साच्यात ठेवून तिच्यावर एकच जोरदार आघात केला की धातू साच्याच्या भिंतीलगत वर चढून नळीचा आकार घेतो. मग ती नळी भट्टीत तापवून मऊ करतात, आतून लाखेसारख्या लेपाने मढवतात, बाहेरून पांढरा रंग देतात आणि तो वाळल्यावर वर छपाई करतात. ट्यूब नेहमी शेपटाकडून, म्हणजे टोपणाच्या विरुद्ध बाजूच्या उघड्या तोंडातून भरली जाते आणि मग ते तोंड दुमडून चेपतात. तयार ट्यूब हातात घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ही उलटी भरणी सहसा ठाऊक नसते, पण लेबल लावणाऱ्याचे सगळे गणित तिच्यावर अवलंबून असते.

1950 मध्ये मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि त्याच सुमारास आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, दोन्ही बाजूंना औषधांचे व प्रसाधनांचे कारखाने उभे राहू लागले. मुलुंडला हेक्स्ट व जॉन्सन अँड जॉन्सन आणि भांडुपला सीबा ही त्यांतली ठळक नावे. अशा मोठ्या कारखान्यांना ट्यूबवर थेट छापून घेणेच परवडे, कारण छपाईचे यंत्र एकदा रंग लावून जुळवले की ते हजारो, लाखो नगांपर्यंत न थांबवणे यातच त्याची किफायत असते. पाचशे किंवा दोन हजार ट्यूबा हव्या असलेल्या आयुर्वेदिक मलमवाल्यासाठी ते यंत्र जुळवायला कोणी तयार होत नसे. त्याने कोरी पांढरी ट्यूब विकत घ्यावी, लेबल वेगळे छापून घ्यावे आणि गाळ्यात बसून ते चिकटवावे, हीच त्याच्यापुढची वाट होती. उपनगरांतील लेबलाच्या धंद्याचे मूळ सौंदर्यदृष्टीत शोधण्यापेक्षा या तुटपुंज्या मागणीत शोधणे योग्य ठरेल. 1964 च्या दुरुस्तीने औषधे व प्रसाधने कायद्याच्या कक्षेत आयुर्वेदिक औषधेही आली, तेव्हा या छोट्या लेबलावरील मजकूर आणखी दाटला.

रंगांच्या ट्यूबची अडचण थोडी निराळी होती आणि तिचा विचार अंधेरीच्या संदर्भात करावा लागतो. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी 1931 मध्ये घोडा छाप शाईच्या पुडीपासून सुरू केलेला, पुढे कॅमल शाईने प्रसिद्ध झालेला उद्योग अंधेरी पूर्वेला विस्तारला आणि सुभाष दांडेकर यांच्या काळात चित्रकारांच्या रंगांकडे वळला. रंग बनवणाऱ्याला एकाच मापाच्या ट्यूबमध्ये कित्येक छटा भराव्या लागतात. पांढरा रंग भरपूर खपतो, तर एखादी जांभळी छटा वर्षभरात मोजकीच जाते. प्रत्येक छटेसाठी वेगळी छापील ट्यूब साठवणे म्हणजे भांडवल फळीवर पडून राहणे. ट्यूब एकच ठेवून छटेचे नाव लेबलावर आणले की हा पेच सुटतो, आणि म्हणूनच जगभरच्या रंगनिर्मात्यांना लेबलाचा मोह फार काळ सुटला नाही.

पण चिकटवायचे कशाने? जुन्या बाजारात तीन पदार्थ होते : मैद्याची किंवा तांदळाची खळ, बाभळीचा डिंक आणि जनावरांच्या हाडाकातड्यांपासून उकळून काढलेला सरस. खळीला बुरशी येई आणि झुरळे लागत, डिंक वाळला की काचेसारखा तडकत असे, तर सरसाला वास येई व तो वापरण्यापूर्वी गरम करावा लागे. बळवंत पारेख यांनी 1959 मध्ये बाजारात आणलेल्या फेविकॉल या पांढऱ्या कृत्रिम चिकटद्रव्याने सुतारकामातून सरसाला हुसकावून लावले आणि त्या उद्योगाचा कारभार पुढे अंधेरीतच स्थिरावला. तरी ट्यूबचा प्रश्न त्यानेही पुरता सुटण्यासारखा नव्हता. असे पाणीदार चिकटद्रव्य लाकडात किंवा कागदात पाणी शोषले गेल्यावर धरते. ॲल्युमिनियम पाणी शोषत नाही, त्यामुळे वाळण्याचा सगळा भार एकट्या कागदावर येतो. शिवाय बाटली किंवा डबा वापरताना आपला आकार सोडत नाही, ट्यूब मात्र प्रत्येक वापरागणिक चेपते, सुरकुतते, शेपटाकडून गुंडाळली जाते. कोरडा कडक कागद त्या सुरकुत्यांवर तडकतो, आणि तेलकट मलमाचा हात लागला की उरलेला निघून येतो. ज्या वस्तूचे कामच चुरगळणे आहे, तिच्यावर कायमचे नाव चिकटवण्याची ही खटपट होती.

तोडगा निघाला तो न वाळणाऱ्या चिकटद्रव्यातून. लॉस एंजेलिसच्या स्टँटन ॲव्हरी यांनी 1935 मध्ये स्वयंचिकट लेबल, म्हणजे पाणी किंवा उष्णता न लावता नुसत्या दाबाने चिकटणारे लेबल, बनवून विकायला सुरुवात केली. गाळ्यांच्या बोलीत त्याला केवळ स्टिकर म्हणतात. त्यात वर छपाईचा कागद किंवा पटल, त्याखाली सदैव ओलसर राहणारा चिकट थर आणि तळाशी सिलिकॉनचा लेप दिलेला गुळगुळीत आधारकागद असतो. धारदार साच्याने फक्त वरचे थर कापायचे आणि आधारकागदाला धक्का लावायचा नाही, या कौशल्याला धंद्यात हाफ कट म्हणतात. साचा केसाएवढा खोल गेला की आधारकागद फाटून रोल तुटतो. उथळ राहिला की भोवतीची निरुपयोगी जाळी उचलताना लेबलेही तिच्याबरोबर निघून येतात. ट्यूबसाठी पुढे कागदाऐवजी पॉलिथीनचे मऊ पटल आले, कारण ते ट्यूबबरोबर दबते आणि तिच्याबरोबरच पूर्वस्थितीवर येते.

यंत्र नसलेल्या गाळ्यात हे काम हातानेच होते. रिकाम्या ट्यूबचे उघडे शेपूट लाकडी खुंटीवर चढवतात, कारण तापवून मऊ केलेले ॲल्युमिनियम बोटाच्या दाबानेही पोचते. लेबलाची खालची कड टोपणाकडील खांद्याच्या रेषेला समांतर धरतात, आधी मधला भाग टेकवतात आणि मग अंगठा मधून कडेकडे नेत हवा बाहेर काढतात. लेबल जरा तिरके बसले तर वळसा पूर्ण होताना दोन्ही टोके एका पातळीत येत नाहीत, आणि उपटून पुन्हा लावलेल्या स्टिकरची कड पुढे कधीच नीट बसत नाही. शेपटाकडे काही मिलिमीटर जागा मोकळी सोडावी लागते, कारण लेबल चेपणीत सापडले तर ट्यूब घट्ट बंद होत नाही. याच चेपलेल्या पट्टीवर पुढे बॅच क्रमांकाचे आकडे दाबून उमटवतात. मजुरी बहुधा नगावर ठरते, आणि त्या हिशेबात वाकडे बसलेले लेबल कोणाच्या खात्यावर जाते हे वेगळे सांगायला नको.

1980 च्या दशकात ट्यूबच बदलली. 1982 मध्ये स्थापन झालेल्या एस्सेल पॅकेजिंगने, म्हणजे आजच्या ईपीएल कंपनीने, ठाणे जिल्ह्यात वासिंदसारख्या ठिकाणी थरांच्या ट्यूबा बनवायला घेतल्या. प्लॅस्टिकच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली ही चादर आधी सपाट असताना छापतात आणि नंतर गोल वळवून तिची कड जोडतात. लेबल ज्या कारणाने श्रेष्ठ ठरत होते, म्हणजे सपाट पृष्ठावर होणारी रेखीव छपाई, ते कारण आता ट्यूबच्या अंगातच आले. टूथपेस्टच्या बाजारातून ॲल्युमिनियम बघता बघता हटले. लेबलाने मग बिनजोडाच्या प्लॅस्टिक ट्यूबांवर, फेसवॉश आणि सनस्क्रीनवर, आपले बस्तान बसवले. पारदर्शक पटलावर छापलेले लेबल कडा न दिसता बसते आणि ते छापील ट्यूबसारखेच भासते, त्यामुळे एके काळी गरिबीची खूण मानली गेलेली रीत महागड्या मालावरही दिसू लागली.

कायद्याने स्टिकरकडे मात्र संशयानेच पाहिले. वेष्टित मालासंबंधीच्या 1977 च्या नियमांनी वेष्टनावर निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचे नाव व पत्ता देणे बंधनकारक केले, आणि त्यांची जागा घेणाऱ्या 2011 च्या नियमांत आवश्यक मजकूर बदलण्यासाठी वरून सुटा स्टिकर लावण्यास मनाई आहे. किंमत कमी करायची असेल तेवढीच सूट आहे आणि तेव्हाही मूळ छापील किंमत झाकता येत नाही.

गाळे आता विरळ झाले आहेत. 2003 नंतर हिमाचल व उत्तराखंडातील करसवलतींनी औषधे आणि प्रसाधनांचा बराच धंदा बद्दीकडे ओढून नेला, आणि अंधेरीच्या वसाहतींतील गाळ्यांची भाडी कचेऱ्यांना परवडू लागली, कारखान्यांना नाही. जे उरले आहेत त्यांत दिवसाअखेर रिकामे झालेले आधारकागदाचे पिवळसर रोल कोपऱ्यात जमतात. त्यांवर लेबलांच्या आकाराच्या पुसट रेषा उमटलेल्या असतात, आणि सिलिकॉनच्या लेपामुळे त्यांचा लगदा सहज होत नसल्याने साध्या रद्दीच्या भावात ते खपत नाहीत.